देवरे बाईंचा हितेश

पुण्याहून एका मुलीचा फोन आला होता. किशोरांसाठी लिहिणाऱ्यांची दोन दिवसांची कार्यशाळा आहे, त्यात देवरे बाईंच्या कादंबऱ्यांवर एक सत्र ठेवलं आहे, तुम्ही त्यांच्या सहकारी होतात, तर पुस्तकातली मुलं खरी वाटावीत म्हणून बाई काय करायच्या यावर वीस मिनिटं बोलाल का, असं तिनं विचारलं. मी गणित शिकवते. भाषणं करत नाही. शिवाय हे वीस मिनिटांत सांगून होणारं नाही, आणि जे सांगायला हवं ते तिला सत्रात चाललं नसतं. मी नाही म्हटलं. पण बाई वारल्या त्याला आता दीड वर्ष झालं. दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही, म्हणून लिहून ठेवते.

सुरतेत, डिंडोलीच्या आमच्या मराठी शाळेत बाई मराठी शिकवायच्या आणि मी गणित-विज्ञान. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या, मूळच्या नंदुरबारकडच्या, अंगानं लहानशा, चालायला भरभर. उजव्या मनगटात बांगड्यांऐवजी रबरबँडं असायची, कागदांच्या गठ्ठ्यांसाठी. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. मी का केलं, ते त्यांनीही विचारलं नाही. त्यामुळे आमचं बरं जमलं.

बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. पुण्या-मुंबईच्या परीक्षकांना त्या वास्तववादी वाटल्या. आमच्या शाळेतल्या मुलांनी त्यातल्या चुका काढल्या. बाईंना या दोन्हींतलं काय जास्त आवडायचं, ते सांगायला नको.

मधल्या सुट्टीत बाई पाण्याच्या टाकीजवळ मुलांकडे पाठ करून उभ्या राहायच्या. घड्याळाला किल्ली देत असल्याचा आव. घड्याळ सेलवर चालणारं होतं, पण ते कोणाच्या लक्षात येत नसे. मागे मुलं बोलत असायची आणि बाई ऐकत असायच्या. आमचे नवीन मुख्याध्यापक आले तेव्हा ते दोनदा बाईंच्या पाठीमागून काही बोलले आणि बाई वळल्या नाहीत. त्यांची समजूत झाली की बाईंना कमी ऐकू येतं. त्यांनी मला बाजूला घेऊन रिंग रोडवरच्या एका कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला. बाईंनी तो गैरसमज दूर केला नाही. उलट मुलांपर्यंत ती बातमी पोचेल अशी व्यवस्था केली. त्या वर्षी मुलांचं बोलणं टिपायची त्यांची वही फार लवकर भरली.

हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

"मुलांना प्रश्न विचारला की ती उत्तर देतात," बाई म्हणायच्या. "आणि उत्तर म्हणजे आपल्याला जे हवं असतं ते. ते घेऊन मी काय करू?"

त्यांची मतं ठाम होती. चौदा वर्षांचा मुलगा वाक्य पूर्ण करत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला रडू आलं की ती दप्तरात काहीतरी शोधत बसते. मुलं उद्गारचिन्हं लावून बोलत नाहीत, ती मोठ्यांची सवय आहे. कुमारवयाच्या पुस्तकात एखादं मूल शहाणपणाचं वाक्य बोललं की बाई ते पुस्तक तिथेच मिटायच्या. "हा मुलगा नाही, लेखकानं हाफ पँट घातलीय," असं एकदा त्या स्टाफरूममध्ये म्हणाल्या. ज्यांनी ते पुस्तक शाळेला भेट दिलं होतं ते गृहस्थ तिथेच बसले होते.

प्रकाशकाशीही त्यांचं वाजायचं. तिसऱ्या कादंबरीच्या वेळी प्रकाशकांनी कळवलं की मुलं एकमेकांशी "चाल ने यार, सर बोलावे छे" असं बोलतात ते महाराष्ट्रातल्या वाचकांना खटकेल, प्रमाण मराठी करावं. आणि दारू पिणाऱ्या बापाचं शेवटच्या प्रकरणात मुलाच्या प्रयत्नानं मनपरिवर्तन व्हावं. बाईंनी पोस्टकार्डावर उत्तर पाठवलं. मी ते पाहिलं होतं. "भाषा बदलणार नाही. आमच्याकडची मुलं बापाला सुधारत नाहीत. बाप घरात आला की टीव्हीचा आवाज कमी करतात. एवढंच करतात, म्हणून तेवढंच लिहिलं आहे." पुस्तक तसंच छापलं गेलं.

पण त्यांचं खरं काम चालायचं ते शनिवारी, माझ्या प्रयोगशाळेत. सकाळची शाळा सुटल्यावर सहा-सात मुलं थांबायची. बाई येताना खमण आणायच्या. नव्या प्रकरणाच्या झेरॉक्स वाटायच्या, प्रत्येकाच्या हातात पेन्सिल द्यायच्या. नियम एकच: जे खोटं वाटेल तिथे फुली मारायची. कारण सांगायची सक्ती नाही. प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्याकडे, म्हणून मीही बसायचे, वह्या तपासत.

एकदा नववीतल्या एका मुलानं पानभर फुल्या मारल्या. प्रकरणात दोन मित्रांचं भांडण होतं, आणि दुसऱ्या दिवशी एक जण येऊन सॉरी म्हणतो, असं होतं. मुलगा म्हणाला, "मॅडम, असं कोण म्हणतं?"

"मग काय करतात?"

"काय नाय. बेंचवर जागा ठेवतात. तो येऊन बसला तर बसला."

 बाईंनी मनगटातलं एक रबरबँड काढलं, ते सगळं प्रकरण गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं. पुढच्या शनिवारी ते नव्यानं लिहून आणलं. मुलानं वाचून पेन्सिल खाली ठेवली. बाईंना एवढ्या खुशीत मी पुरस्काराच्या दिवशीही पाहिलं नाही.

अशाच शनिवारी जागृती आमच्यात आली. तिचं खरं नाव हे नाही. हे लिहिलेलं मी आधी तिला पाठवलं होतं. तिनं दोन गोष्टी खोडल्या, त्या इथे नाहीत. बाकीचं राहू दे म्हणाली.

जागृती बोरसे तेव्हा अकरावीत होती. वडील, प्रकाशभाऊ, बमरोलीला कापडाच्या प्रोसेसिंग मिलमध्ये कामाला. थोरला भाऊ भेस्तानला एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर. आई, लताबाई, घरी साड्यांचे धागे कापायची. मशीनवरून भरतकाम होऊन आलेल्या साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत असतात, ते कात्रीनं कापायचे. आमच्याकडच्या निम्म्या घरांत हेच काम चालतं. मुलगी अभ्यासात मध्यम, पण नकला अशा करायची की अंगावर काटा यावा. नुसता आवाज नाही; बसणं, हात पुसणं, गप्प राहणं. बाईंची नक्कल तिनं बाईंच्याच समोर करून दाखवली: पाठ करून उभी राहिली आणि मनगटावरचं नसलेलं घड्याळ फिरवायला लागली. मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. मला नंतर म्हणाल्या, "तिला कळलंय की मला ऐकू येतं. आणि तिनं ते कोणाला सांगितलं नाही."

त्यानंतर जागृती बाईंशी बोलायला लागली. तिच्याकडे एक फोन होता, मैत्रिणीच्या बहिणीनं टाकून दिलेला, घरी ठाऊक नसलेला. त्यावर ती ओढणीनं तोंड झाकून गल्लीतल्या सगळ्यांच्या नकलांचे व्हिडिओ करायची. कुठे टाकायची नाही. दोन मैत्रिणींना दाखवायची, बस्स. फोन ठेवायची कुठे, तर आंदणाच्या मिक्सरमध्ये.

खानदेशातून आलेल्या आमच्या घरांत मुलगी दहावी-बारावीला गेली की आई एकेक वस्तू घेऊन ठेवते. आधी मिक्सर, मग कुकर, मग डिनर सेट. खोकी पॅक, माळ्यावर एकावर एक. दिवाळीला वरची धूळ पुसायची, पण उघडायचं नाही. ते आता त्या घरचं नाहीच, असा एक समज असतो. जागृतीनं मिक्सरच्या खोक्याची खालची चिकटपट्टी सोडवली होती आणि फोन मोठ्या भांड्यात ठेवला होता, साडीच्या तुकड्यात गुंडाळून. स्वतःच्या आंदणात.

बाईंना हे ती एकदम बोलली नसणार. अर्ध्या अर्ध्या वाक्यांतून कळलं असणार. पण बाईंनी ते ऐकलं, आणि त्यांच्यासारख्या बाईला असं काही कळल्यावर ते सुटणं शक्य नव्हतं.

पाचव्या कादंबरीत तेरावं प्रकरण आलं. त्यात एक मुलगी आंदणाच्या मिक्सरमध्ये फोन लपवते. नाव वेगळं, गल्ली वेगळी, बाप मिलमध्ये नसून रिक्षा चालवणारा. व्हिडिओ काढून टाकले होते. त्याऐवजी एक मुलगा होता, मोबाइलच्या दुकानात काम करणारा हितेश, ज्याच्याशी ती बोलते. हितेश छान उतरला होता. हसताना पुढचे दात हातानं झाकायचा. बुटाची टाच दाबून चप्पल करून घालायचा. मुलीनं काही विचारलं की आधी मोबाइलचं मागचं कव्हर काढून परत बसवायचा आणि मग उत्तर द्यायचा.

प्रुफं मी वाचायचे. बाईंनी मला विचारलं, "मिक्सर काढू का?"

मी म्हटलं, "तो काढला तर प्रकरणात उरतं काय? सगळ्यात खरं तेच आहे."

"मुलगा घातलाय मी," बाई म्हणाल्या. "जागृतीचं असं काही नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे ती ती राहिली नाही."

हे आम्हा दोघींनाही बरोबर वाटलं. पण एक गोष्ट सांगायला हवी. बाकीची प्रकरणं शनिवारी पेन्सिलीखालून गेली. तेरावं गेलं नाही. प्रेसची घाई आहे, असं बाई म्हणाल्या. घाई होतीही. पण जागृतीच्या हातात पेन्सिल दिली असती तर तिनं फुली कुठे मारली असती, ते त्यांना माहीत होतं. मलाही होतं.

पुस्तक दिवाळीनंतर आलं. जागृती तेव्हा बारावीत होती आणि मी नुकताच तिचा बोर्डाचा फॉर्म भरून दिला होता. माझी जाऊ बोरसेंच्या शेजारी राहते. दुपारी गल्लीतल्या आठ-दहा बायका तिच्या ओट्यावर धागे कापायला बसतात आणि कोणीतरी शिकलेली मुलगी त्यांना काही वाचून दाखवते. हात रिकामे नसतात, कान असतात. आपल्या देवरे बाईंचं पुस्तक म्हटल्यावर तेच वाचायचं ठरलं, आणि वाचायला जागृती. प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा काढायची. बायका कात्री थांबवून हसायच्या.

त्या दुपारी मी जाऊबाईंकडे गेले होते. तेरावं प्रकरण चालू होतं. जागृती त्या मुलीच्या आईचं बोलणं वाचत होती आणि आवाज सरळ तिच्या स्वतःच्या आईचा काढला होता. लताबाईसुद्धा हसत होती. मग पुढचं वाक्य आलं. "फोन तिने आंदणाच्या मिक्सरमध्ये ठेवला." शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं, ते मी पाहिलं. तिथे थांबता येत नव्हतं आणि पान उलटता येत नव्हतं, कारण शेजारी बसलेली बाई पुस्तकात डोकावत होती. तिनं पुढचं सगळं वाचलं. खालची पट्टी, मोठं भांडं, साडीचा तुकडा. आवाज काढणं मात्र बंद झालं.

बायका खूप हसल्या. एक म्हणाली, घरी जाऊन पाहते माझ्या पोरीचा मिक्सर. दुसरी म्हणाली, माझीनं तर कुकरात ठेवला असेल. लताबाई खाली मान घालून धागे कापत राहिली.

संध्याकाळी गल्लीतले सगळे मिक्सर उघडले गेले. सापडलं एका घरात.

जागृतीनं फोनचं लॉक उघडून दिलं नाही. आत काय होतं, तर आईची नक्कल, काकूची, मिलमधून आल्यावर पायांना तेल चोळत बसणाऱ्या बापाची. ते दाखवणं तिला मार खाण्यापेक्षा कठीण गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उघडायला तयार झाली, तोवर भावानं फोन फरशीवर आपटला होता. आता तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं आणि घरच्यांकडे छापलेलं पुस्तक होतं. मिक्सर खरा निघाला म्हणजे हितेशही खरा.

भाऊ हितेशला शोधायला निघाला. उधना, पांडेसरा, भेस्तान, मोबाइलच्या दुकानांतून विचारत. भेस्तानला एक हितेश भेटलाही. त्याला दोन थोबाडीत बसल्या आणि मग कळलं की त्याला तीन वर्षांची मुलगी आहे. जागृतीला आठ दिवसांत साक्रीजवळ मामाच्या गावी पाठवलं. स्थळ पाहायला सांगितलं. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा होती आणि तिचं शाळेतलं नाव तेवढं शिल्लक होतं.

मला वाटलं होतं बाई रडतील किंवा आजारी पडतील. त्या थेट बोरसेंच्या घरी गेल्या. मला सोबत नेलं. प्रकाशभाऊंनी खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला. बाई म्हणाल्या, मुलगा मी बनवला आहे, असा कोणी नाही. प्रकाशभाऊ शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा मान आहे. तुम्ही पोरीला वाचवायला बोलताय, ते समजतं आम्हाला."

मग बाईंनी जी चूक केली ती दुसऱ्या कोणी केली नसती. हितेश कसा बनवला ते त्या सांगायला लागल्या. दात झाकणं दहावीतल्या अमक्या मुलाचं. दाबलेली टाच आपल्या शाळेच्या शिपायाच्या भाच्याची. कव्हर काढून बसवणं आपण स्वतः उधन्याला एका दुकानात पाहिलं. जितकं सांगत गेल्या तितका तो मुलगा त्या खोलीत येऊन बसला. मी त्यांचा पदर ओढला, पण त्या थांबल्या नाहीत. शेवटी लताबाई दारातून म्हणाली, "मॅडम, पाह्याबिगर इतलं बारीक कोन लिखस?"

 पंचवीस वर्षं बाईंनी नेमकं हेच व्हावं म्हणून मेहनत केली होती.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मी खरं ते ठेवलं आणि खोटं ते घातलं. उलटं करायला हवं होतं. व्हिडिओ ठेवले असते तर चार शिव्या खाऊन सुटली असती."

त्यानंतर बाई त्या घरी पाच वेळा गेल्या असतील. कधी मुख्याध्यापकांना घेऊन, कधी एकट्या. शाळेतल्या आणि दुकानातल्या प्रती परत घेतल्या. शनिवार बंद केले. टाकीजवळ उभं राहणं बंद केलं. मधल्या सुट्टीत वर्गात बसून राहायच्या, दार लावून. जानेवारीत कळलं की दोंडाईच्याचं एक स्थळ पक्कं होत आलं आहे. फेब्रुवारीत बोर्डाची हॉलतिकिटं शाळेत आली. जागृतीचं मी वेगळं काढून ठेवलं.

एका दुपारी बाई म्हणाल्या, चल, लताबाईकडे जाऊन येऊ. काय बोलणार ते सांगितलं नाही. प्रकाशभाऊ पाळीवर होते. लताबाई साडी मांडीवर घेऊन बसली होती. बाई खुर्चीवर न बसता तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "लताबाई, मी तुमच्याशी खोटं बोलले. मुलगा होता."

लताबाईची कात्री थांबली.

पुढचा अर्धा तास मी ऐकत बसले. बाईंनी सांगितलं की त्या हितेशच्या वडिलांना भेटून आल्या. घाबरट माणूस आहे, दारातच हात जोडले. मुलाला मामानं बारडोलीला नेलं, तिथे दुकानात बसवलं आणि लगेच साखरपुडाही उरकला. फोटो मागितला तर वडिलांनी दिला नाही, पण आतून आईनं येऊन सांगितलं की पोरगं आता बोलतच नाही कोणाशी. मध्येच बाई अडखळल्या, एक गोष्ट चुकीची सांगून दुरुस्त केली. ते अडखळणंसुद्धा रचलेलं होतं, मला कळत होतं. त्यांना इतकं चांगलं लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे आता कटकट नही?" लताबाईनं विचारलं.

"नाही. म्हणून म्हणते, परीक्षा देऊ द्या. पेपरांपुरती आणा, सोबत तुम्ही या. मग तुम्ही ठरवाल ते."

लताबाईचा चेहरा तीन महिन्यांत पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला. तिनं विश्वास ठेवला, आणि संध्याकाळी प्रकाशभाऊंनीही ठेवला. चार दिवसांत जागृती भुसावळ पॅसेंजरनं सुरतेला परत आली. दोंडाईच्याच्या लोकांना परीक्षेनंतर पाहू असं कळवलं. ते काही थांबले नाहीत. तेवढं साधलं.

हॉलतिकीट द्यायला मी तिच्या घरी गेले. ती वाळली होती. आई चहा करायला आत गेल्यावर ती म्हणाली, "मॅडम, देवरे मॅडमनी मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं."

"परीक्षा नको?"

"हितेश." हॉलतिकिटाची घडी घालत ती बोलत होती. "तीन महिने मी एकच सांगत होते, असा कोणी नाही. मामानं मारलं तरी तेच. आता आई म्हणते, शेवटी तुझ्या मॅडमनीच कबूल केलं ना."

मी बाईंना हे जसंच्या तसं सांगितलं. काही गोष्टी सौम्य करून सांगण्यात अर्थ नसतो. बाई म्हणाल्या, "मला वेळ नव्हता, संध्या." मग म्हणाल्या, "तेराव्या प्रकरणाच्या वेळीही हेच म्हटलं होतं मी."

बोर्डाचं केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. शेवटच्या पेपरला बाई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. आधीच्या पेपरांना आल्या नव्हत्या. मी स्कूटरवर होते. पेपर सुटला. लताबाई सावलीतून उठून मुलीला घ्यायला पुढे गेली आणि दोघी बाहेर आल्या. लताबाईनं बाईंना पाहिलं, जवळ आली, बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. तुमच्यामुळे पोरीचं वर्ष वाचलं, म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, त्या पोराचं लग्न ठरलंय ना नक्की, मागे-पुढे काही होणार नाही ना.

"वैशाखात आहे," बाई म्हणाल्या.

जागृती आईच्या मागे उभी होती. इतका वेळ तिनं वर पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात, शाळेत शंका विचारावी तसं विचारलं, "मॅडम, मुलीचं नाव काय?"

लताबाईही बाईंकडे पाहायला लागली. तिलाही ते जाणून घ्यायचं होतं.

"किंजल," बाई म्हणाल्या. एक क्षणही लागला नाही.

"चांगलं आहे," जागृती म्हणाली. मग आईचा दंड धरून रस्ता ओलांडायला लागली. आईला भर रस्त्यात काहीतरी आठवलं, ती वळून हसली, हात हलवला. जागृती वळली नाही.

बाई त्याच मे महिन्यात निवृत्त झाल्या आणि नंदुरबारला भावाकडे गेल्या. जाताना कोणाला सांगितलं नाही. तिकडे त्यांनी एक ओळही लिहिली नाही, असं भाऊ फोनवर म्हणाला. जागृती पास झाली. तिच्या पुढच्या गोष्टी मी लिहीत नाही.

त्या शेवटच्या पेपरच्या दिवशी बाई माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. डिंडोलीच्या पुलाखालून आलो. चौकात आल्यावर मला थांबवलं, उतरल्या, पदर सारखा केला. तिथून बोरसेंच्या गल्लीतून गेलं की त्यांचं घर तीन मिनिटांवर. मी म्हटलं, आतपर्यंत सोडते. नको म्हणाल्या. मग गल्लीच्या तोंडावरून पुढे निघून त्यांनी रेल्वे फाटकाकडचा लांबचा रस्ता धरला, भर उन्हात, नेहमीसारख्या भरभर.